काय खाल्लं होतं यानं?

पहिलं पुरळ आलं ते तनूच्या सातव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, त्यामुळं खापर केकवर फुटलं.

आरव तेव्हा अडीच वर्षांचा. सकाळी आंघोळ घालताना त्याच्या पोटऱ्यांवर आणि कोपरांच्या मागं तांबडे फोड दिसले. मसुराच्या डाळीएवढे, टणक. दोन-तीन फोडांच्या टोकावर पाण्याचा बारीक थेंब धरल्यासारखं. खाजवून खाजवून त्यानं एकाचं रक्त काढलं होतं. शेजारच्या काकूंनी दारात उभं राहूनच निदान केलं, "पित्त उठलंय. केकात अंडं होतं ना?" होतं. मग आमसुलं भिजवून त्याचं पाणी अंगाला लावलं, तेच साखर घालून पाजलं. आठवड्यानं फोड बसले, काळे डाग राहिले, आणि अंडं आमच्या घरातून गेलं.

पंधरा दिवसांनी परत तेच. ह्या वेळी केक नव्हता. तरी गावाकडून फोनवर आत्यांचा (म्हणजे माझ्या सासूबाईंचा) पहिला प्रश्न होता, "काय खाल्लं होतं यानं?"

पुढचे नऊ-दहा महिने हा एकच प्रश्न मला सगळ्यांनी विचारला आणि मीही स्वतःला विचारत राहिले. वांगं बंद झालं, कारण वांगं वातूळ. दूध बंद करून बघितलं. मग शेंगदाणे. आता सांगलीच्या घरात शेंगदाणे बंद करायचे म्हणजे काय, हे सांगलीबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. कूट नाही तर भाजी नाही, कोशिंबीर नाही, शेंगदाण्याची चटणी नाही, आणि भडंग तर घरात आणायचीच सोय नाही. आरवला एकट्याला वेगळं ताट मांडलं की तो तनूच्या ताटात हात घालायचा, म्हणून शेवटी सगळ्यांचंच बंद केलं. पाच महिने पोराचं वजन बारा किलोच्या पुढं सरकलं नाही. पुरळ मात्र आपल्या तब्येतीनं येत-जात होतं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी खाजेचं सिरप दिलं. त्यानं रात्री झोप लागायची, तेवढाच आराम. दुसऱ्या एका दवाखान्यात खरूज आहे असं सांगितलं आणि एक लोशन दिलं. मानेपासून तळपायापर्यंत घरातल्या प्रत्येकानं लावायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी धुवायचं, आठवड्यानं पुन्हा. हे रात्री उशिरा कुपवाड एमआयडीसीतून सेकंड शिफ्ट करून आले, आणि आल्या आल्या मी त्यांच्या हातात बाटली दिली. "मला कुठं खाजतंय?" असं पुटपुटत त्यांनी लावलं. प्रश्न बरोबर होता, हे नंतर कळलं. खरूज असती तर एव्हाना आम्ही चौघंही रात्री-रात्री खाजवत बसलो असतो, बोटांच्या बेचक्यांत बारीक फोड दिसले असते. आरवची बोटं कायम स्वच्छ होती.

मधल्या काळात माझी एक चूक झाली, ती सांगून टाकते. एका मेडिकलमधून मी एक ट्यूब आणली. चिठ्ठी नव्हती, मागितलीही नाही. त्यात बुरशीचं, जंतूंचं आणि स्टेरॉइडचं औषध एकत्र होतं. लावलं की दोन दिवसांत फोड मावळायचे, म्हणून मला वाटलं हेच खरं औषध. दोन महिने मी ते हवं तसं चोपडत होते. २०१८ साली सरकारनं स्टेरॉइडची बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली आहे, हे मला नंतर मिरजेत कळलं. लहान मुलाची कातडी पातळ, त्यात असलं मलम रोज लावलं की ती आणखी पातळ होते, आणि मूळ दुखणं काय आहे तेही झाकून जातं. त्याच्या पोटरीवर एका जागी शिरा दिसायला लागल्या होत्या. मी त्या गोरेपणाच्या म्हणून सोडून दिल्या होत्या.

बालवाडीतून एक दिवस फोन आला, घेऊन जा. बाकीच्या आया कुरबुर करत होत्या, आमच्या मुलांना लागेल म्हणून. संसर्गजन्य नाही असं डॉक्टरांचं लेखी आणा, मगच पाठवा. मी पतसंस्थेतून हाफ डे टाकून गेले, तर आरव दाराशी खुर्चीवर एकटा बसलेला, बाकीची मुलं आत गोल करून गाणी म्हणतायत. त्याला वाटत होतं आज त्याला स्पेशल खुर्ची मिळाली आहे. हे त्यानं मला हसत सांगितलं, आणि मी विश्रामबागपर्यंत गाडीवर तोंडातून शब्द काढला नाही.

त्यानंतर रक्ताची तपासणी. साडेपाच हजार रुपये, आणि हातात आली ती लांबलचक यादी: गहू, शेंगदाणा, झुरळ, धुळीतले किडे, पुढं ज्वारीपर्यंत. पाच-सहा ठिकाणी पॉझिटिव्ह. शेंगदाणा पॉझिटिव्ह बघून मला जवळजवळ आनंद झाला. बघा, सापडला चोर! पण शेंगदाणे चार महिन्यांपासून बंद होते आणि पाय तसेच होते, ही गोष्ट त्या आनंदात कुणाच्या लक्षात आली नाही. आत्यांनी तर गहू वाचून सांगितलं, "नाचणीवर ठेव त्याला."

शेवटी ऑफिसातल्या एक मॅडम म्हणाल्या, मिरजेला दाखव. आमच्याकडं हे वाक्य असंच म्हणतात, कुणाला दाखव ते नंतर. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातनं, सोलापूरकडनं माणसं गाड्या करून येतात, आणि आम्ही दहा किलोमीटरवर राहून दहा महिने गेलो नव्हतो. एप्रिलच्या उन्हात वडापनं गेले, मांडीवर आरव आणि पिशवीत ती सगळी कागदं.

त्वचेच्या डॉक्टर, पन्नाशीच्या बाई. कागदांना हात लावला नाही. "सगळे कपडे काढा त्याचे, चड्डीसकट." मग त्यांनी पुरळ कुठं आहे त्यापेक्षा कुठं नाही हे बघितलं. पोट साफ, पाठ साफ. चड्डीच्या आत एकही नाही. जे काही ते पोटऱ्या, घोटे, हाताच्या बाहेरच्या बाजूला, आणि कमरेला इलॅस्टिकच्या कडेला चार. भिंग घेऊन त्यांनी मला एक फोड दाखवला. मधोमध सुईनं टोचल्यासारखा बारीक ठिपका. "आता हे बघा." घोट्याच्या वर तीन फोड, एका रांगेत, मापून लावल्यासारखे. नऊ-दहा महिने रोज त्या पायाला मलम लावणारी मी, मला ती रांग कधी दिसली नव्हती.

"यानं काय खाल्लं ते सोडा," त्या म्हणाल्या, "याला कोण खातंय ते बघा."

त्यांनी नाव सांगितलं, पॅप्युलर अर्टिकेरिया. मला 'पॉप्युलर' ऐकू आलं, आणि ते काही फार चुकीचंही नव्हतं, कारण दोन ते सात वर्षांच्या पोरांत हे भरपूर दिसतं. डास, पिसवा, ढेकूण, पक्ष्यांच्या अंगावरचे किडे, असं काहीतरी चावतं. त्याच्या लाळेला ह्या मुलाचं अंग जास्तच चिडून उठतं. नवीन चावा बसला की आठवड्यापूर्वीचे, बसत आलेले जुने फोडही परत फुलतात. त्यामुळं आईबापाला वाटतं, अंगभर एकदम आलं, म्हणजे पोटातनंच आलं.

मी लगेच म्हटलं, "पण मॅडम, घरात आम्ही चौघं. बाकी कुणाला एक फोड नाही."

"तुम्हालाही चावतंय. तुमच्या अंगाला त्याची सवय झाली आहे."

तान्ह्या बाळाला चावलं तर काहीच उठत नाही, कारण त्याच्या शरीराची त्या लाळेशी ओळख नसते. मग ओळख होते, अंग चवताळतं, फोड येतात, तेही कधी कधी एक-दोन दिवस उशिरा. वर्षानुवर्षं चावे खाऊन शेवटी अंग दाद देईनासं होतं. तनू त्यातून पार झाली असावी, आम्ही तर केव्हाच. आरव बरोबर मधल्या पायरीवर उभा होता.

माझा विश्वास बसला नाही. घरात ढेकूण नाहीत, खिडक्यांना जाळ्या आहेत. हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी टेबलावरचं निळं बॉलपेन उचललं आणि आरवच्या पायावरच्या एका ताज्या फोडाभोवती गोल काढला. "पित्ताची गांध एका जागी चोवीस तासांच्या वर सहसा टिकत नाही. इथली जाते, तिथं उठते. घरी असे पाच-सहा गोल काढा, रोज बघा. गोल रिकामा झाला तर मी चुकले." शिवाय तीन आठवडे एक नोंद ठेवायची: कुठं झोपला, कुठं बसला, कुठं खेळला. खाण्याची नोंद करायची नाही. आज घरी जाऊन आधी शेंगदाण्याची चटणी करा, म्हणाल्या. लिहून दिलं ते इतकंच: खाजेचं सिरप, थोडे दिवस लावायचं एक मलम, ओरबाडून चिघळलेल्या दोन जागांसाठी वेगळं मलम (तिथं मधासारखी पिवळी खपली धरली होती, ते जंतूंचं), आणि नखं दर दोन दिवसांनी कापायची. बालवाडीसाठी दाखला. आणि निघताना बजावलं: ओठ-डोळे सुजले, श्वासाला घरघर लागली, किंवा तापासोबत असे जांभळे ठिपके आले की ज्यावर काचेचा ग्लास दाबला तरी रंग जात नाही, तर गोल काढत बसायचं नाही, त्याच मिनिटाला हॉस्पिटल गाठायचं.

गोलांचा प्रयोग आरवला अतोनात आवडला. सहा गोल काढून घेतले, मग टेडीला काढायला लावले, मग बाबांच्या हातावरच्या तिळाला. आंघोळीत पुसट झाले की मी वरून गिरवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाही गोलांत सहाही फोड. तिसऱ्या दिवशी सहा. पाचव्या दिवशी दोन वाळायला लागले होते, पण होते तिथंच, गोलाच्या मधोमध. पित्त नव्हतं ते.

नोंद मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर केली, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी. आम्ही साधारण एक आड एक शनिवारी गावी जातो, तासगाव तालुक्यात, यांची तिथं द्राक्षबाग आहे. पहिल्या शनिवारी गेलो: सोमवारी नवीन फोड. दुसऱ्या शनिवारी यांचा ओव्हरटाइम, गेलो नाही: काही नाही. तिसऱ्या शनिवारी गेलो: रविवारी रात्रीच सुरू. मग मी मागची पानं उलटली. तनूचा वाढदिवस आम्ही गावीच केला होता. अंडं-अंडं करून त्या केकला शिव्या घातल्या, आणि केक जिथं कापला तिकडं कुणी बघितलंच नाही.

यांना सांगितलं तर पहिल्यांदा म्हणाले, "बागेत औषध मारतात त्याचं असेल." मलाही तेच सोयीचं वाटलं असतं. औषधाचा दोष कुणाचाच नसतो. पण छाटणीपासून बाग उतरेपर्यंत फवारण्यांचा जोर असतो आणि पुरळ त्याच्या आधीपासून, पावसाळ्यापासून होतं. आणि बागेत आरव जातच नव्हता. तो असायचा मधल्या खोलीत. ती खोली आठवडाभर बंद असते, आम्ही गेलो की आत्या उघडतात, गोधड्यांची चळत काढून आमची अंथरुणं तिथंच घालतात. त्या चळतीवर, फुटक्या तावदानातून आत येऊन, आठवडाभर कोण झोपत असेल, तर मनी. आत्यांची मांजर.

आता हे आत्यांना सांगायचं कुणी? चाळीस वर्षं त्या बाईनं ते घर शेणानं सारवलं, मग फरशी आली तर दोन वेळा पुसलं. तिला सुनेनं येऊन सांगायचं, तुमच्या घरात पिसवा आहेत? मी यांच्याकडं बघितलं. हे फोनकडं बघत होते.

पुढच्या शनिवारी शेवटी यांनीच मार्ग काढला, न बोलता. मिरजेच्या बाईंनी सांगितलं होतं, पांढरे मोजे घालून खोलीत चाला. यांनी तनूचे शाळेचे मोजे आणले होते. ते यांच्या पायात जेमतेम अर्ध्या पोटरीपर्यंत चढले, टाचा तळव्याखाली. खोली उघडली आणि हे गोधड्यांच्या भोवती फेऱ्या मारायला लागले, पाय जरा आपटत. आत्या दारात उभ्या. "काय याड लागलं काय रं तुला?" दोन मिनिटांनी हे दाराशी उजेडात आले आणि पाय पुढं केला. पांढऱ्यावर काळे-तपकिरी ठिपके, तिळाच्या अर्ध्याएवढे. सात-आठ. आत्यांनी वाकून बोट लावलं, आणि ठिपका तिथं नव्हता. उडी मारून तो त्यांच्या लुगड्यावर गेला होता.

आत्या काही बोलल्या नाहीत. चुलीकडं गेल्या, चहा टाकला. मग आतून आवाज आला, "मांजर न्ह्यायचं का न्हाई दवाखान्यात?"

मामा म्हणाले त्यात काय, बागेचं औषध शिल्लक आहे, खोलीत मारून टाकू. हे मात्र मी सासऱ्यांसमोर पहिल्यांदा आवाज चढवून अडवलं. शेतातलं औषध बंद खोलीत, जिथं पोरं झोपतात तिथं! पिसवांबरोबर आम्हीही गेलो असतो.

मनीला द्राक्षाच्या क्रेटमध्ये घालून, वर दुसरं क्रेट बांधून, मोटारसायकलवर तासगावला नेलं. यांच्या हातावर अजून वळ आहेत. जनावरांच्या डॉक्टरांनी मानेवर लावायचे थेंब दिले, महिन्याला एकदा. आणि एक बजावलं: कुत्र्यासाठीची पिसवांची पावडर किंवा थेंब मांजराला लावू नका, त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विषासारखं आहे. खरी वस्ती मांजराच्या अंगावर नसतेच म्हणाले. अंडी, अळ्या, कोष हे सगळं अंथरुणात आणि फरशीच्या भेगांत. कोषातली पिसू आठवडेच्या आठवडे गप्प बसून राहते, औषधही तिला लागत नाही. कुणाच्या चालण्याचा हादरा बसला, ऊब मिळाली की बाहेर पडते.

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आठवडाभर बंद खोली. शनिवारी आम्ही चौघं दणदण आत शिरायचो. आणि सगळ्यात आधी फरशीवर बसकण मारायचा तो आरव, चड्डीवर, गाड्या घेऊन.

पुढचं काम कष्टाचं होतं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. अकरा गोधड्या तांब्याच्या बंबातल्या कढत पाण्यानं धुतल्या, मे महिन्याच्या उन्हात दगडांवर वाळवल्या. फरशीच्या भेगा सिमेंटनं बुजवल्या, तावदान बसवलं. शेजाऱ्याकडून व्हॅक्युम क्लीनर मागून आणला, त्याची पिशवी प्रत्येक वेळी बांधून घराबाहेर टाकली. तीन आठवड्यांनी हे सगळं परत, कारण कोषातल्या राहिलेल्या असणारच. राहिल्या होत्याही, दुसऱ्या वेळी मोज्यांवर दोन सापडल्या, तिसऱ्या वेळी एकही नाही.

जूनमध्ये बालवाडी सुरू झाली तेव्हा आरवच्या पायांवर ताजा फोड नव्हता. डाग होते. ते जायला सहा-सात महिने लागले, आणि तोवर लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक माणूस "अगं बाई, काय झालंय पायाला?" विचारायचाच.

पूर्ण गेलं का? नाही. पाऊस लागला, कृष्णेचं पाणी चढायला लागलं की सांगलीत डास असे होतात की मच्छरदाणीशिवाय झोप अशक्य. संध्याकाळी लांब पँट, पूर्ण बाह्या, डासांचं मलम हे सगळं करूनही महिन्यातून दोनदा चार-पाच फोड उठतातच. मिरजेच्या बाई म्हणतात, शाळेत रुळेपर्यंत कमी होत जाईल. आता तो पाच वर्षांचा आहे. फोड आला की स्वतःच पेन घेऊन येतो. गोल काढतो, आत तारीखही लिहायला लावतो, आणि शेंगदाण्याची चटणी दोनदा वाढून घेतो.

मनीच्या मानेवर थेंब दर महिन्याला आत्या स्वतः लावतात, माझ्याहून काटेकोर. परवा गावी गेले तर ओट्यावर चार बायका बसल्या होत्या आणि एकीच्या नातवाला असंच पुरळ आलं होतं. मांडीवरच्या मनीला खाजवत आत्या तिला सांगत होत्या, "आमच्या आरव्याला बी असंच व्हतं. वांगं बंद केलं, इषय संपला."